घरच्या पेरू-लिंबावर औषध मारायचं की नाही? मदत हवी आहे

नमस्कार. परसात दोन पेरू, एक लिंबू आणि एक डाळिंब आहे. चार वर्षांत एकदाही रासायनिक औषध मारलेलं नाही. यंदा मात्र पेरूने रडवलंय. वरून पाहावं तर फळ छान पिवळं, फक्त एका बाजूला सुईने टोचल्यासारखा तपकिरी ठिपका. तिथे अंगठा दाबला की आत जातो. कापलं की पांढऱ्या अळ्या वळवळतात, ताटलीत काढल्या तर उड्या मारतात. फळमाशी आहे हे नक्की. गेल्या बहारातली निम्म्याहून जास्त फळं टाकून द्यावी लागली.

लिंबाचं दुखणं वेगळं. कोवळ्या शेंड्यांवर मावा, नव्या पानांत नागमोडी रुपेरी रेघा, खालच्या पानांवर काजळीसारखा काळा थर आणि खोडावरून दिवसभर मुंग्यांची रांग.

शेजारचे काका म्हणतात, "बुडाशी इमिडाक्लोप्रिड ओत, सगळं एकदम साफ होईल." त्यांचा बागेचा अनुभव मोठा आहे, म्हणून त्या कीटकनाशकाची बाटली आणली. पण सील तोडायला हात होत नाही. एक तर लेबलवर ज्या पिकांची नावं आहेत त्यांत पेरू नाही. म्हणजे प्रमाण किती घ्यायचं, औषध दिल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, काहीच लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे हे औषध आंतरप्रवाही. मुळांतून पानाफुलांत चढतं, मकरंदात आणि परागातही उतरतं. लिंबू फुलतो तेव्हा सकाळी झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांसाठीच.

मला सर्वांत जास्त अडवतं ते असं: व्यापारी बागेत बहार धरतात, म्हणजे सगळ्या झाडांना एकाच वेळी फुलं-फळं आणतात, त्यामुळे फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस सोडता येतात. माझ्या पेरूवर आज एकाच फांदीला फूल आहे, सुपारीएवढं फळ आहे आणि पिकलेलंही आहे. मग दिवस मोजायचे कुठून? आणि सहा वर्षांची लेक झाडाखाली उभी राहून फळ तोडते, फ्रॉकला पुसते आणि खाते. आंतरप्रवाही औषध धुऊन जाण्यातलं नाही.

निंबोळी अर्क 5 टक्के करून दोनदा मारला. मावा बराच कमी झाला, फळमाशीला ढिम्म फरक नाही. एकदा निमतेल भर दुपारी मारलं आणि पानांच्या कडा करपल्या. त्याआधी माव्यात फिरणारे काळे, नारिंगी ठिपक्यांचे काटेरी किडे मी ब्रशने झाडून काढले होते. ते मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची पिल्लं होती, हे नंतर कळलं. फार वाईट वाटलं.

रसायन कधीच नको, असा माझा हट्ट नाही. झाडच मरायला टेकलं तर मी मारेनही. पण आत्ताच्या नुकसानीसाठी ते मारावं का? ज्यांनी घरच्या झाडांवर स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
बाटली उघडू नका. अळी गरात शिरली की वरच्या फवाऱ्याचा तिला स्पर्शही होत नाही, आणि ते फळ तर गेलेलंच असतं. मादी अंडी घालण्याआधीच फळ झाका. फळ सुपारीहून थोडं मोठं, कडक हिरवं असतानाच कागदी किंवा जाळीची पिशवी बांधा. जाळी फळाला चिकटू देऊ नका, माशी वरून टोचते.

गळालेली फळं रोज उचला, हे पिशवीइतकंच महत्त्वाचं. अळी फळातून निघून मातीत कोष करते, म्हणून कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. मिथाइल युजेनॉलचा (फळमाशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा लावा, पण त्यात फक्त नर येतात. नुसत्या सापळ्यावर भागणार नाही.

लिंबाला आधी मुंग्या थांबवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, आणि काळी बुरशी वाढते तीही त्याच चिकट्यावर. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावा, थेट सालीवर नको. फांद्या भिंतीला टेकत असतील तर त्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील. रुपेरी रेघांची अळी मोठ्या झाडाचं फारसं बिघडवत नाही, तिच्यासाठी काही मारू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार. फळं उचलायला आजपासूनच सुरुवात करते. पण एक पेरू पंधरा फूट उंच आहे. शेंड्याच्या फळांना पिशव्या कशा बांधायच्या?

प्रतिसाद:
हा बहार संपला की छाटून हात पोचेल इतका खाली आणा. पेरूला नव्या फुटीवरच फूल येतं, त्यामुळे छाटणीची भीती बाळगू नका. तोवर शेंड्याची फळं हिरवी असतानाच काठीने पाडून घ्या.