मदत हवी आहे : डिझाइनच्या कामासाठी लॅपटॉप, मॅक की विंडोज? मराठी डीटीपी करणाऱ्यांनी जरूर सांगा

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहते, गेली नऊ वर्षं घरूनच डिझाइनची कामं घेते. पुस्तकांची कव्हरं, दिवाळी अंकाची मांडणी, घरगुती मसाले-पापडवाल्यांची पाकिटं, आणि हल्ली सगळ्यांना इन्स्टासाठी छोटं ॲनिमेशनही हवं असतं. २०१८चा लॅपटॉप आता थकलाय, फोटोशॉपमध्ये दोन मोठ्या फाईली उघडल्या की लगेच स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप काम करताना वापरतं ती डिस्कवरची तात्पुरती जागा) भरल्याचा मेसेज येतो. बजेट सव्वादोन लाखांपर्यंत आहे, दोन वर्षं थोडे थोडे करून बाजूला टाकलेत, त्यामुळे एकदा घेतला की पुढची पाच-सहा वर्षं बघावं लागू नये एवढीच इच्छा.

इतका महागाचा कशाला असं घरचेही विचारतात म्हणून सांगते. गेल्या वर्षी एका ताईंच्या लाल तिखटाच्या पाकिटाचं काम होतं. माझ्या स्क्रीनवर लाल कायम फिकाच दिसायचा म्हणून मी मजेंटा वाढवत गेले, वाढवत गेले, आणि छापून आलं तेव्हा तो लाल तिखटाचा राहिलाच नव्हता, गुलाबीकडे झुकलेला भडक काहीतरी. पाच हजार पाकिटं! प्रेसवाल्याची चूक नव्हती, फाईलमध्ये होतं तेच त्याने छापलं. नंतर शोधलं तेव्हा कळलं की माझा पॅनल ४५ टक्के एनटीएससीवाला (एनटीएससी हे रंगांची व्याप्ती मोजायचं एक माप) आहे, म्हणजे साधा एसआरजीबी, नेहमीच्या स्क्रीनचा रंगपट्टासुद्धा तो पूर्ण दाखवू शकत नाही. अर्धा खर्च मी दिला, ताई काही बोलल्या नाहीत पण पुढचं काम आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून यावेळी स्क्रीन आधी, बाकी सगळं नंतर.

बरंच वाचून दोन पर्यायांवर आलेय. एक, १४ इंची मॅकबुक प्रो, प्रो चिप आणि २४ जीबी मेमरीवाला. स्क्रीन मिनी एलईडी आहे, पी३ म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवतो, बीकेसीच्या दुकानात जाऊन डोळ्यांनी बघून आलेय आणि खरंच सुंदर आहे. वजन दीड किलोच्या थोडं वर. मला आठवड्यातून दोनदा ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला जावं लागतं, नौपाड्यात प्रेस आहे, सकाळच्या गर्दीत उभ्याने अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि वर त्याचा विटेएवढा चार्जर पाठीवर घेऊन जाणं मला जमणार नाही. शिवाय चार्जर काढला तरी मॅकचा वेग जवळपास तेवढाच राहतो, प्रेसमध्ये प्लग शोधत बसायला नको.

दुसरा, आसुसचा प्रोआर्ट पी१६. १६ इंची ४के ओलेड, आरटीएक्सचं वेगळं ग्राफिक कार्ड, वजन १.८५ किलो. ओलेडवर फोटोशॉपचे तेच पॅनल दिवसभर तिथेच राहतात, त्याने डाग पडायची भीती आहेच, पण खरं तर माझं मन विंडोजकडे ओढतंय ते दुसऱ्याच कारणाने.

अडचण मराठीची आहे. दिवाळी अंकाचं मॅटर आजही श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये येतं आणि माझी जुनी श्रीलिपी यूएसबी डोंगलवर चालते, ती छोटी किल्ली लावल्याशिवाय उघडतच नाही. हे युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं मराठी) नाही, फॉन्ट नसेल तर समोर नुसती विचित्र अक्षरं दिसतात. प्रेसला कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची फाईल लागते. कोरल २०१९पासून मॅकवर परत आलंय हे माहितीये, पण श्रीलिपीचं काय? सगळं आधी कर्व्ह करून (मजकुराचं चित्र-आकारात रूपांतर करून) घ्या असं एकाने सुचवलं, पण कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, आकार होतो, आणि आमच्या संपादकांना छपाईच्या आदल्या रात्रीच पहिली वेलांटी दुसरी करायची असते. त्यांचं बरोबरच असतं, शुद्धलेखन चुकलेला अंक मलाही चालणार नाही.

तर मॅकवर रोज मराठी मजकुराचं काम करणारं इथे कुणी आहे का? आणि विंडोजवाल्यांनी सांगा, ओलेड तीन-चार वर्षं वापरून डोळ्यांना त्रास झाला का, डाग पडले का? २४ जीबी पुरेल का? मॅक काय किंवा हा आसुस काय, दोन्हींत मेमरी बोर्डवरच सोल्डर असते, नंतर वाढवता येत नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मी ठाण्यातच प्रीप्रेसचं काम करतो. डोंगलच्या भरवशावर मॅक घेऊ नका. मॅकवर पॅरलल्स या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं पण ते एआरएमचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं विंडोज, त्यात डोंगलचा ड्रायव्हरही एआरएमचाच लागतो, जुन्या डोंगलना तो बहुतेक नसतो.

पण युनिकोडचं भय सोडा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी पॅराग्राफ कंपोझर लावला की जोडाक्षरं नीट येतात, नाही लावला तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे बसते आणि लोक फॉन्टला दोष देतात. फोटोशॉपमध्येही तसाच पर्याय आहे. मॅटर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्यायचं, मात्र रफार आणि अर्धी अक्षरं एकदा नजरेखालून घालाच.

स्क्रीन कुठलीही घ्या, कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून बरोबर लावणारं यंत्र) घ्या. आणि ब्राइटनेस १२० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास ठेवा, पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनवर बघून केलेली फाईल छापल्यावर काळपट वाटणारच. फोटोशॉपमध्ये कंट्रोल वाय दाबून सीएमवायके प्रूफ, म्हणजे छपाईच्या चार शाईंत रंग कसे येतील ते बघायची सवय लावा, तुमचं तिखटाचं पाकीट कदाचित तिथेच सापडलं असतं. ॲनिमेशन वाढणार असेल तर २४ जीबीपेक्षा जास्त मेमरी बघा, आफ्टर इफेक्ट्स मेमरी खातं. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) करणार असाल तर मात्र आरटीएक्सच. जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, दोन लाखांवर ती रक्कम लहान नाही.

आणि जुना लॅपटॉप विकू नका.

धागाकर्ती

खूप खूप आभार! कंट्रोल वायचं वाचून लगेच ती जुनी फाईल उघडली आणि प्रूफ लावला, स्क्रीनवरचा लाल आणि प्रूफमधला लाल यांत फरक दिसतोय, या खराब स्क्रीनवरसुद्धा. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्लेंडर नाही करत, करायचा विचारही नाही. जुना लॅपटॉप फक्त श्रीलिपीसाठी घरी ठेवायचा हे डोक्यातच आलं नव्हतं, मॅटर तिथे उघडून युनिकोड करून नव्यात घेता येईल. आता प्रश्न एवढाच की प्रेसला कोरलऐवजी पीडीएफ चालेल का. आमचे प्रेसवाले काका नाहीच म्हणतात, पण त्यांना मी कधी नीट पीडीएफ देऊन बघितलीच नाही. गेल्या वर्षीच्या अंकातली चार पानं युनिकोडमध्ये पुन्हा लावते, दोन जोडाक्षरांनी भरलेली आणि दोन जाहिरातींची, आणि शनिवारी घेऊन जाते त्यांच्याकडे. छापून काय येतं ते इथे टाकेन. तोवर ओलेडवाल्यांनी लिहा प्लीज, आसुस अजून यादीतून काढलेला नाही.