उपग्रह असताना जमिनीवरची रेडिओ केंद्रे कशाला हवीत?

मोर्शीचा शिक्षक:
16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या शाळेतील मुले विमानाबद्दल सतत विचारत असतात. मी त्यांना व्हीओआर केंद्राचे छायाचित्र दाखवले आणि विमानाला दिशा सांगणारे हे रेडिओ केंद्र असल्याचे सांगितले. त्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, "बाबांच्या मोबाइलला उपग्रहावरून जागा कळते, मग हे केंद्र कशाला?" मला उत्तर देता आले नाही. दुसरीकडे, गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी निघालेली रुग्णवाहिका मोबाइलच्या भरवशावर नाल्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन अडकली होती, आणि ती रात्र मी विसरलेलो नाही. उपग्रह असा चुकत असेल तर विमानाने त्यावर विसंबावे का, आणि चुकत नसेल तर जुनी केंद्रे का ठेवावीत?

सेलूचा निवृत्त तंत्रज्ञ:
सर, रुग्णवाहिकेच्या बाबतीत चूक बहुधा उपग्रहाची नसून नकाशाची असावी. गाडी कोठे आहे हे यंत्राला बरोबर कळले असेल, परंतु नाल्यावर पूल नाही हे नकाशाला ठाऊक नव्हते. या दोन चुका मुलांना वेगवेगळ्या करून सांगा.

व्हीओआर 108 ते 117.95 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात दोन संकेत पाठवतो आणि त्यांच्या कलांमधील, म्हणजे लहरींच्या चढउताराच्या टप्प्यांमधील, फरकावरून विमान केंद्राच्या कोणत्या दिशेला आहे ते कळते, तर डीएमई केंद्र विमानाने पाठवलेल्या संकेताला उत्तर देते आणि त्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर कळते. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे मेळघाटासारख्या डोंगराआड खाली उडणाऱ्या विमानापर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि विमानांना एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे असे वळसे घेत जावे लागते. उपग्रहामुळे सरळ मार्ग आखता येतो व इंधन वाचते.

तरीही नुसते जीपीएस विमानाला पुरत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे आपल्यावरील आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार अस्वस्थ असते, विशेषतः सूर्यास्तानंतर, आणि त्यातून येताना संकेताला होणारा विलंब बदलत राहतो, त्यामुळे काढलेली जागा चुकू शकते. यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी 'गगन' ही प्रणाली उभारली. देशभरातील 15 संदर्भ केंद्रांची जागा अचूक मोजलेली असते, त्यांपैकी एक आपल्या नागपुरात आहे. उपग्रह सांगतो ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतील फरक काढून दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला दिली जाते. मला अचूकतेपेक्षाही मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट, म्हणजे संकेत विश्वासार्ह राहिला नाही तर काही सेकंदांत वैमानिकाला तशी सूचना मिळते. मोबाइल आपल्याला असे कधी सांगत नाही.

आमगावचा वाचक:
लहान विमानतळांच्या दृष्टीने एक मुद्दा जोडतो. आयएलएस, म्हणजे उतरताना विमानाला धावपट्टीकडे नेणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा, यासाठी धावपट्टीच्या ज्या टोकाकडून उतरायचे त्या प्रत्येक टोकासाठी स्वतंत्र यंत्रणा बसवावी व सांभाळावी लागते, आणि दिवसाला एकदोन विमाने येणाऱ्या ठिकाणी तो खर्च झेपत नाही. गगनच्या आधारे उतरण्यासाठी विमानतळावर तशी यंत्रणा लागत नाही, विमानात योग्य ग्राहक यंत्र मात्र हवे. 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातील किशनगढ येथे एटीआर विमान अशा प्रकारे उतरवण्यात आले. थंडीत धान कापणीनंतर आमच्याकडे धुके उतरते, म्हणून ही सोय आमच्या भागाला मिळावी असे मला मनापासून वाटते.

सेलूचा निवृत्त तंत्रज्ञ:
आपले म्हणणे मान्य आहे, पण त्यामुळे जमिनीवरचे सारे काढून टाकणे मला धोक्याचे वाटते. उपग्रहाचा संकेत सुमारे 20,200 किलोमीटरवरून येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळचे लहानसे यंत्रही तो दाबून टाकू शकते. एस्टोनियातील तार्तू येथे अशा अडथळ्यांमुळे 2024 मध्ये फिनएअरला महिनाभर विमाने थांबवावी लागली आणि जीपीएसवर अवलंबून नसलेली उतरण्याची पद्धत तयार झाल्यावरच सेवा पूर्ववत झाली. अमेरिकेनेही व्हीओआर केंद्रे कमी करताना आणीबाणीसाठी त्यांचे एक किमान जाळे राखले आहे. माझ्या मते एनडीबी, म्हणजे सर्व दिशांना सारखाच संकेत पाठवणारे जुने रेडिओ दीप, सर्वांत आधी जावेत, कारण वादळात त्यांच्याकडे पाहणारी विमानातील सुई विजेच्या ढगाकडे वळते. डीएमई मात्र टिकवावेत, कारण दोन डीएमईंपासूनची अंतरे मिळाली तरी विमान स्वतःची जागा काढू शकते.

मोर्शीचा शिक्षक:
आभारी आहे. काल शाळेच्या पटांगणात डीएमई केंद्रे मानलेल्या दोन कडुलिंबांना दोऱ्या बांधून मुलांकडून दोन वर्तुळे काढून घेतली. त्याच मुलीने लगेच दाखवून दिले की वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात, मग विमान नेमके कोठे?

सेलूचा निवृत्त तंत्रज्ञ:
तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. विमानातील संगणकाला क्षणापूर्वीची जागा ठाऊक असते, म्हणून तो त्या जागेला लागून असलेला बिंदू घेतो. उद्या तिसऱ्या झाडालाही एक दोरी बांधून पाहा.