छोट्या काउंटीचं मध्यक उत्पन्न: सर्वेक्षण मानायचं की मॉडेल?

आकडेमोड्या
अमेरिकेत तीन हजारांवर काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. प्रत्येकीतल्या घरांचं मध्यक उत्पन्न (घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या घराचं) तिथलं जनगणना खातं, सेन्सस ब्यूरो, दोन वाटांनी देतं. पहिली वाट अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस. त्यात वर्षाला साधारण ३५ लाख पत्ते निवडून लोकांना उत्पन्न विचारतात. वस्ती ६५,००० किंवा वर असेल तर एका वर्षाचा आकडा मिळतो, नाहीतर पाच वर्षांच्या उत्तरांचा एकत्रित. दुसरी वाट सायपी, म्हणजे ब्यूरोचेच छोट्या भागांच्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे अंदाज. तिथे चिमुकल्या काउंटीलाही एका वर्षाचा आकडा मिळतो, पण प्राप्तिकर विवरणपत्रं वगैरे नोंदींवर बसवलेल्या मॉडेलमधून.

माझं मत स्पष्ट आहे: लहान काउंटीसाठी सायपी वापरू नये. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं निघाली. तिथे सर्वेक्षणाला घरं सापडून सापडणार किती? मग मॉडेल दुसऱ्या काउंट्यांवरून हिशेब लावतं आणि लव्हिंगच्या नावावर खपवतं. एसीएसचा आकडा निदान तिथल्या माणसांनी सांगितलेला असतो. त्रुटीची मर्यादा (खरा आकडा किती खाली-वर असू शकतो ती) भलीमोठी असते, मान्य, पण ती समोर दिसते.

काटेकोर
‘खपवतं’ काय? सायपीही तशीच ९० टक्क्यांची विश्वास-मर्यादा छापतं, बघितलीत का? आणि ही पद्धत काल-परवाची नाही. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली हजाराच्या आतल्या वस्त्यांच्या उत्पन्नासाठी ती मांडली. नमुना भक्कम असेल तिथे वजन सर्वेक्षणाला, तुटपुंजा असेल तिथे मॉडेलला. लॉस एंजेलिस काउंटीत मॉडेलला जवळजवळ कोणी विचारत नाही. लव्हिंगमध्ये चार घरांच्या उत्तरावर मध्यक काढण्यात कसला आलाय प्रामाणिकपणा?

डकोटाकर
नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी घ्या. २०१० ला वस्ती ६,३६०, २०२० ला १४,७०४. मधे तिथल्या बाकन खडकातल्या तेलाची लाट आली आणि २०१४ च्या अखेरीला तेलाचे भाव कोसळले. अशा जागी पाच वर्षं एकत्र करून काढलेला मध्यक कोणत्या वर्षाचा म्हणायचा? तेजीतलं घर आणि मंदीतलं घर एकाच पिशवीत. महागाईचा हिशेब करून सगळं शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणतात, पण त्याने तेजी-मंदी थोडीच वेगळी होते? शिवाय २०२० मध्ये प्रतिसाद इतका ढासळला की ब्यूरोने त्या वर्षीचे नेहमीचे एक-वर्षीय आकडे काढलेच नाहीत. पाच वर्षांच्या गाठोड्यात मात्र ते वर्ष आहेच.

आकडेमोड्या
मॅकेन्झीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तेलावर आलेला कामगार रिगवर राबतो, पण विवरणपत्रावर पत्ता असतो टेक्सासमधल्या घराचा. म्हणजे कराच्या कागदांना तो मॅकेन्झीत दिसतच नाही. एसीएस विचारतं, सध्या दोन महिन्यांहून जास्त इथे राहताय का? राहत असाल तर इथले.

डकोटाकर
तो मॅन-कँपच्या, म्हणजे तेलकामगारांच्या तात्पुरत्या छावणीच्या, खोलीत राहत असेल तर? ती सामूहिक निवासात धरतात, ‘घर’ म्हणून नाही. घरांच्या मध्यकात तो तुमच्या एसीएसमध्येही नाही.

पुलमनची पाहुणी
हेच विद्यापीठाच्या गावात. पुलमन (व्हिटमन काउंटी, वॉशिंग्टन) मध्ये वसतिगृहातला मुलगा घरांच्या मोजणीबाहेर. तोच पुढच्या वर्षी रस्त्यापलीकडे दोन मित्रांबरोबर भाड्याने राहिला की तिघांचं मिळून एक घर, तेही कमी उत्पन्नाचं. आई-वडील पैसे पाठवतात ते सर्वेक्षणात सगळे सांगतात असं मला वाटत नाही. विद्यापीठाने नवं वसतिगृह बांधलं तर कोणाचा पगार न वाढता काउंटीचा मध्यक वर सरकेल. तुम्ही दोघं चुकीच्या जागी भांडताय.

काटेकोर
रास्त मुद्दा, पण तो ‘घर’ कशाला म्हणायचं याचा. वाद अंदाजाचा चाललाय.

चांदा ते बांदा
इथे दोन-दोन आकडे आहेत म्हणून वाद तरी घालता येतो! आपल्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं मिळतं ते दरडोई उत्पन्न, म्हणजे सरासरी, आणि तीही जिल्ह्यात काय पिकलं-निपजलं त्यावरून. चंद्रपूरच्या कोळशाची आणि औष्णिक विजेची किंमत चंद्रपूरच्या खात्यात, नफा कुठेही जावो. मूल किंवा सिंदेवाहीच्या मधल्या घराकडे किती येतात, ते त्यावरून कसं कळणार?

आकडेमोड्या
मग लावा सायपीसारखं मॉडेल चंद्रपूरला! शेतीचं उत्पन्न करमुक्त, बहुतेक घरं विवरणपत्र भरतच नाहीत. कराच्या नोंदीवर काय कपाळ बसवणार? घरोघर जाऊन विचारण्याला पर्याय नाही, हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

काटेकोर
कराचे कागद नसतील तर वीजजोडण्या, रेशनकार्डं, रोहयोची हजेरी घ्या. नोंदी बदलतील, पद्धत तीच. अडचण वेगळीच आहे. मॉडेल बसवायला आधी काही हजार घरांचं विचारलेलं उत्पन्न हातात लागतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात खर्च विचारायची परंपरा जुनी, सगळ्या घरांचं उत्पन्न मात्र तसं नियमित विचारलं जात नाही.

आकडेमोड्या
म्हणजे विचारणं आधी, मॉडेल नंतर. लव्हिंगलाही तोच क्रम लावा की.

काटेकोर
लव्हिंगला विचारून झालंय. चौसष्ट माणसांत अजून किती वेळा विचारणार?