गज हटवा, विनोद संपला: ‘ट्वीट झू’बद्दल

रीळवाली:
काल भिंगरी यांनी लिहिलं की सिल्वेस्टर मांजर आणि ट्वीटी पक्षी यांच्या कार्टूनमधला प्राणिसंग्रहालयातला भाग, ‘ट्वीट झू’, म्हणजे ‘एकच विनोद सात मिनिटं ताणलेला, मांजर पिंजऱ्यात पडतं, सिंह झोडपतो, पुन्हा तेच. वर चित्रांची मेहनत वाचवायला पुढे गज रेखाटून ठेवलेत.’ पहिल्या वाक्यावर मतभेद असू शकतो. दुसरं वाक्य मात्र चूक आहे आणि ते तसंच सोडवत नाही.

‘ट्वीट झू’ १९५७ चा, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. सेलवर, म्हणजे एकावर एक ठेवायच्या पारदर्शक पत्र्यांवर, काम होत असताना गज रेखाटल्याने मेहनत वाचत नाही, वाढते. मागचे गज पार्श्वभूमीच्या चित्रातच रंगवता येतात, पण पुढचे गज वेगळ्या सेलवर काढून पात्राच्या वर ठेवावे लागतात. मांजराने गजांतून पंजा बाहेर काढला की अडचण सुरू. शरीर गजांच्या मागे, पंजा पुढे. म्हणजे पंजा तोडून तिसऱ्या सेलवर घ्यायचा, आणि जिथे मनगट गजाला भिडतं तिथली रेघ दोन्ही सेलवर तंतोतंत जुळवायची. केसभर चुकली तर पडद्यावर मनगट थरथरतं. शिवाय प्रत्येक सेलची झाक खालच्या रंगावर चढते, म्हणून थरांची संख्या मध्येच बदलली की पांढरी छाती एकदम मळकट दिसते. ती दिसू नये म्हणून पंजा आत गेल्यावरही त्या जागी कोरी सेल ठेवत राहायची.

हे सगळं कशासाठी? गजांमुळे प्रेक्षकाला आत काय आहे ते मांजराच्या आधी कळतं. मांजराचं लक्ष पक्ष्यावर आणि आपलं सिंहावर. हशा या अंतरात आहे.

भिंगरी:
पंजाचं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. पण मेहनत जास्त झाली म्हणून विनोद चांगला होत नाही हो! प्राणी बदलतो, रचना तीच राहते. त्याच दिग्दर्शकाचा, त्याच वर्षीचा, याच जोडीचा ‘बर्ड्स ॲनॉनिमस’ बघा. तिथे मांजराची लढाई स्वतःच्या जिभेशी आहे, आणि ऑस्कर त्याला मिळालं. ‘ट्वीट झू’मध्ये मांजराच्या मनात काही घडतच नाही. १९४७ च्या ‘ट्वीटी पाय’पासून जे चाललं होतं, तेच दहा वर्षांनी.

रीळवाली:
रचना तीच हे खरं. पण यात रचनेपेक्षा मोजणीला किंमत जास्त. सेकंदाला २४ चौकटी (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं), सात मिनिटांच्या १०,०८०. फ्रेलेंग हालचालीची वेळ संगीताच्या मात्रांवर बांधायचे. १२ चौकटींची मात्रा म्हणजे मिनिटाला १२० ठोके, ८ चौकटींची म्हणजे १८०. हळू हालचालीला पहिली लय, वेगवान हालचालीला दुसरी. आपण कुठे आहोत हे कळल्यावरचा चेहरा किती धरायचा? ४ चौकटी धरला तर नीट वाचताच येत नाही. २४ धरला तर प्रेक्षक पुढे निघून जातो. १२ ते १६ च्या आसपास तो बरोबर बसतो. प्राणी तोच असो की दुसरा, दर वेळी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पट्टीकात्री:
रीळवाली, हिशेब सोळा आणे खरा, पण आपल्याकडे तो कोणी पाहिलाय? आपलं टीव्ही प्रसारण बरीच वर्षं पाल नावाच्या पद्धतीचं होतं, सेकंदाला २५ चौकटी. २४ ची फिल्म सरळ २५ वर पळवली जाते. ७ मिनिटांचा भाग ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो. १२० ची लय १२५ होते. आवाज अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाऊण भागाने चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. दोन्ही पात्रांना आवाज देणारे मेल ब्लँक यांचा ट्वीटीचा आवाज मुळातच ध्वनिमुद्रणात वेग वाढवून केलेला. त्यावर ही आणखी चार टक्के! सिल्वेस्टरचा आवाज मुळात न पळवलेला, त्यामुळे त्याचं जास्त नुकसान. तो जाडसर, थुंकी उडवणारा ‘स’ पातळ होतो. ज्यांनी टीव्हीवर बघून ‘कर्कश’ म्हटलं, त्यांनी मूळ आवाज ऐकलेलाच नाही.

धूळपाटी:
असहमत. ‘सरळ २५ वर पळवली जाते’ हे तुम्ही सगळ्या भागांना सरसकट लावताय. टीव्हीसाठीची पट्टी (टेप) थेट फिल्मवरून पालमध्ये उतरवली असेल तरच हे घडतं. अमेरिकेतून एनटीएससीची (तिथल्या टीव्ही पद्धतीची) टेप आली आणि इथे तिचं रूपांतर झालं, तर वेग मूळचाच राहतो, सूरही. बिघाड वेगळा होतो. एनटीएससीत फिल्मच्या ४ चौकटींच्या व्हिडिओच्या ५ होतात, त्यातल्या २ मध्ये शेजारच्या दोन चित्रांची भेसळ असते. त्याचं पुन्हा पालमध्ये रूपांतर केलं की पळणाऱ्या मांजराच्या एकेका पायाला दोन-दोन अर्धपारदर्शक पाय फुटतात.

पट्टीकात्री:
म्हणजे माझा मुद्दा खोटा ठरला का? खराबी दोन्हीकडे आहेच! वर तुम्ही ‘सूर मूळचाच’ म्हणून त्या धुरकट पट्ट्यांची वकिली करताय.

धूळपाटी:
वकिली नाही. तुम्ही एका कारणाने सगळं समजावून टाकता, त्याचा राग आहे. ओळखायची रीत सोपी आहे. शीर्षकपट्टी मोजू नका, ती अनेकदा कापलेली असते. एकाच प्रसंगातले दोन ठळक आवाज घ्या, मूळ प्रतीत एकमेकांपासून ६० सेकंदांवर असलेले. तुमच्या पट्टीत अंतर ५७.६ आलं तर फिल्म पळवलेली आहे. ६० च आलं आणि जोरदार हालचालीवर एकेक चौकट पुढे सरकवताना हाताच्या दोन फिकट प्रतिमा दिसल्या, तर रूपांतर आहे. हिंदी डबिंग असेल तर संवादांच्या सुरावर अजिबात जाऊ नका. ते पट्टी उतरवल्यानंतर नव्याने बोललेले असतात. चढलेला सूर मागच्या वाद्यवृंदात शोधायचा.

पट्टीकात्री:
डबिंगचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. बाकी सगळं मागे घेत नाही.

वनमाळी:
तुम्ही चौकटी मोजत बसा. लोखंडी गजांचा पिंजरा हेच मुलांच्या मनातलं प्राणिसंग्रहालय होऊन बसलंय, त्याचं काय? जर्मनीत हॅम्बुर्गजवळ प्राण्यांचे व्यापारी हागेनबेक यांनी आपल्या प्राणिसंग्रहालयात १९०७ मध्येच गजांऐवजी खंदक करून सिंह मोकळ्यावर दाखवले. म्हणजे १९५७ ला चित्रकारांसमोर दुसरा नमुना पन्नास वर्षं हजर होता. आपल्या राणीच्या बागेतही पेंग्विन काचेमागे आहेत. गज रेखाटण्यात आळस नाही हे पटलं, पण विचाराचा आळस नक्की आहे.

रीळवाली:
वनमाळी, मुलांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण खंदकाने हा भाग उभाच राहत नाही. खंदक रुंद असतो, मांजर चुकून त्यापलीकडे जात नाही. गजांमधली फट मांजराला पुरते आणि सिंहाला पुरत नाही, आणि सगळी गोष्ट या मापावर उभी आहे. मांजर आत जाऊ शकतं, सिंह बाहेर येऊ शकत नाही, म्हणून आत गेल्याची चूक पूर्णपणे मांजराची ठरते. काच तर आत जाऊच देणार नाही.

वनमाळी:
गोष्टीपुरतं ठीक. पिंजऱ्याबद्दलचं माझं म्हणणं तेच राहील.

भिंगरी:
फटीचा मुद्दा पटला, हे कबूल करणं जिवावर येतंय. पण मग गजांसमोरून कॅमेरा सरकताना जी फडफड दिसते, ती तरी ढिसाळपणाच ना?

रीळवाली:
ती सगळ्या उभ्या रेघांची खोड आहे, कुंपण काढणाऱ्या प्रत्येकाला छळणारी. समजा दोन गजांत ४८ मिलिमीटर अंतर आहे. पार्श्वभूमी चौकटीला १२ मिलिमीटर सरकवली तर गज नीट वाहतात. २४ सरकवली तर प्रत्येक गज पुढच्या चौकटीत बरोब्बर दोन गजांच्या मधोमध येतो, आणि दुप्पट गज लुकलुकताना दिसतात. ३६ ला ते उलटे जातात, कारण डोळा जवळचा गज धरतो आणि तो १२ ने मागे असतो. ४८ ला जागचे हलतच नाहीत. उपाय दोनच: वेग गजांच्या अंतराच्या पावपटीच्या आत ठेवायचा, नाहीतर अंतरं असमान काढायची आणि मधे एखादा जाड खांब किंवा पाटी द्यायची, म्हणजे डोळ्याला धरायला खूण मिळते.

धूळपाटी:
आणि रूपांतरित पट्टीत तो उपाय केलेला असला तरी फडफड दिसते. भेसळीच्या चौकटीत एकाच गजाच्या दोन फिकट रेघा येतात, मग दुप्पट गजांचा भास आपोआप होतो. भिंगरी, तुमची प्रत कुठली ते आधी बघा.

भिंगरी:
टीव्हीवरून उतरवलेली. आज रात्री ते ६० सेकंद मोजते. फडफड प्रतीची निघाली तर तेवढं वाक्य मागे घेईन. ‘बर्ड्स ॲनॉनिमस’ सरस आहे, ते मोजून बदलणार नाही.