स्क्रीनसमोर पापणीच लवत नाही, डोळे चुरचुरतात – मदत हवी आहे

निळीशाई: चार महिने झाले, दुपारनंतर डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं खुपतं. संध्याकाळी तर घळाघळा पाणी वाहतं. नंबर तपासला, तो आहे तेवढाच आहे. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं, मग डोळे आणखी लाल. काल शेजारची सहकारी म्हणाली, "अगं, तू पापणीच लववत नाहीस." मुद्दाम लववायला जावं तर कामातलं लक्ष उडतं. दर वीस मिनिटांनी लांब बघा, हे कृपया सांगू नका, मला ते जमत नाही. पापण्यांची सवय परत कशी लावायची तेवढंच सांगा. खरंच वैतागलेय.

खिडकीपाशी: थेंब कुठले? लाली घालवणारे की नुसते ओलावा देणारे? चष्मा आहे की लेन्स? स्क्रीन डोळ्यांच्या वर येतो की खाली?

दुर्वांकुर: डार्क मोड लाव आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा घे. माझी डोकेदुखी आठवड्यात थांबली.

मोजपट्टी: त्या चष्म्यावर पैसे घालवू नका. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेते, तिच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या काचांपेक्षा त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलेलं नाही. एरवी पापणी मिनिटाला साधारण १५-२० वेळा लवते, स्क्रीनसमोर ते प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं. दुखणं तिथे आहे.

दुर्वांकुर: मग मला फरक पडला तो काय खोटा?

मोजपट्टी: खोटा कशाला असेल? पण तुमचं डोकं दुखत होतं, यांचे डोळे कोरडे पडलेत.

सांजवेळ: मी लेझर करून नंबर घालवला. सकाळी उठल्यावर चष्मा शोधावा लागत नाही, फार सुख आहे. नक्की विचार करा.

खिडकीपाशी: लेझरनंतर काही महिने डोळे उलट जास्त कोरडे राहू शकतात. यांना आत्ता तो सल्ला नको.

निळीशाई: लेन्स आहेत, रोज दहा-अकरा तास. थेंब लाली घालवणारेच होते.

खिडकीपाशी: हे आधी सांगायचं ना! ते थेंब आजच बंद करा. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, परिणाम ओसरला की डोळे पुन्हा लाल होतात. तपासून घेईपर्यंत चष्माच लावा. अ‍ॅलर्जीची गोळी वगैरे चालू आहे का?

निळीशाई: हो, रोज रात्री. तिचा काय संबंध?

खिडकीपाशी: अशा बऱ्याच गोळ्यांनी अश्रू कमी होतात. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

अर्धीपापणी: मीही यातून गेलोय, म्हणून कळकळीने लिहितो. नुसती संख्या मोजू नका, पापणी पुरती मिटते का ते बघा. मी फोन स्क्रीनला टेकवून काम करतानाचा व्हिडिओ काढला. वरची पापणी अर्ध्यावर येऊन परत फिरायची, खाली पांढऱ्याची पट्टी उघडीच. पापण्यांच्या कडांना तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या की ते तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर सुकत नाहीत. ते नीट पसरलं नाही की डोळा कोरडा पडतो आणि त्रासून पाणी सोडतो. तुमचं संध्याकाळचं पाणी बहुधा तेच.

मी लववणं कामालाच बांधलं. फाइल सेव्ह केली, मेल पाठवला की डोळे अलगद मिटायचे, मनात एक-दोन म्हणायचं, उघडायचे. गच्च आवळायचे नाहीत. तीनेक आठवड्यांत आपोआप व्हायला लागलं.

मोजपट्टी: उत्तम. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाच, नंबर तपासणं वेगळं आणि अश्रू तपासणं वेगळं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ओल मोजतात. डोळा ठणकला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसलं तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी दाखवा.

निळीशाई: व्हिडिओ काढला. मिनिटात सहा वेळा, त्यात पुरती मिटली एकदाच! बघून धस्स झालं. स्क्रीन डोळ्यांच्या वर येत होता, मॉनिटरखाली दोन जाड पुस्तकं होती, ती काढली. शुक्रवारची वेळ घेतलीय. लेन्स सोडून चष्मा लावला तर नंबर वाढतो का हो?

खिडकीपाशी: नाही. बिनधास्त लावा. शुक्रवारी काय म्हणाले ते इथे लिहा.