मदत हवी आहे : टॉम विल्सवरच्या लेखासाठी

नमस्कार मंडळी. आमच्या किशोर वाचकांच्या दिवाळी अंकासाठी टॉम विल्सवर लेख लिहितेय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (आपल्या नेहमीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा, हातानेही चेंडू खेळायचा खेळ) जनकांपैकी एक. जन्म 1835, शिक्षण इंग्लंडमधल्या 'रग्बी' नावाच्या शाळेत. हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं त्याने जुलै 1858 मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं. मे 1859 मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबचे खेळाचे नियम ठरले, तेव्हा तो त्या मंडळींत होता. पुढे जिलाँग शहराच्या क्लबकडूनही खेळला.

अडतेय ते पुढे. 1861 मध्ये क्वीन्सलंडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील आणि इतर 18 जण मारले गेले. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी आदिवासींना ठार केलं. तरीही 1866 मध्ये त्याने आदिवासी क्रिकेट संघाला शिकवलं, त्यांचा कर्णधार झाला! मला तरी हाच लेखाचा गाभा वाटतो. शेवटी दारूचं व्यसन आणि 1880 मध्ये आत्महत्या.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे खरेपणाने, पण जपून कसं सांगावं? शिक्षक, समुपदेशक यांनी कृपया सुचवा. आणि मेलबर्नकर कुणी असाल, तर क्रिकेट मैदानाबाहेरच्या त्याच्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो छापायला द्याल का? श्रेय नावानिशी देऊ.