तुमच्या वस्तीतलं छोटं पेंटेकॉस्टल चर्च : अनुभव लिहा

विक्रोळीकरीण (धागाकर्ती)
आमचं चर्च पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारं ख्रिस्ती चर्च, पण बाहेरून ओळखूच येत नाही. चाळीतल्या दोन खोल्या, मधली भिंत पाडलेली, चटया, ढोलकी, खंजिरी, दाराबाहेर चपलांचा ढीग. अन्यभाषेतली प्रार्थना (आत्म्याने भरून, न कळणाऱ्या शब्दांत केलेली), टाळ्या ऐकून लोकांना वाटतं इथे नुसता आवाज असतो. पण बाबा रात्री अडीचला गेले तेव्हा नातेवाईकांच्या आधी पास्टर आणि मंडळीतले चार भाऊ दारात उभे होते, शवपेटी, कागदपत्रं, शिवडीच्या कबरस्तानात न्यायची गाडी, आईला काहीच बघावं लागलं नाही. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी कोणीतरी डबा घेऊन यायचं आणि आईजवळ बसायचं, बोलायचंही नाही फारसं. तुमचेही अनुभव लिहा, कडू असले तरी.

कुर्ल्याचा
26 जुलै 2005. सांताक्रुझला एका दिवसात 944 मिमी पडला आणि आमच्या घरात गळ्यापर्यंत पाणी. चर्च गाळ्याच्या वर पोटमाळ्यावर होतं, सगळी गल्ली तिथे चढली, हिंदू, मुसलमान सगळे. पाळकबाईंनी दोन दिवस स्टोव्हवर खिचडी शिजवली. शेजारच्या खालांचं तीन महिन्यांचं बाळ कीबोर्डच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवलेलं, कारण तेवढीच एक गोष्ट कोरडी होती.

नाव नको
कडूही लिहिते. मामाला शुगर. एका सभेत त्याला सांगितलं तू बरा झालास, विश्वास धर, त्याने गोळ्या सोडल्या आणि वर्षभरात पाय कापावा लागला. हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणते. आता ज्या मंडळीत जातो तिथले पास्टर तेल लावून प्रार्थना करतात आणि मग स्वतःच विचारतात, गोळी घेतली का? म्हणून तर टिकलो.

केडगाववाली, आता मालाड
हे अमेरिकेतून आलेलं फॅड म्हणणाऱ्यांसाठी. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. तिथे अनाथ, टाकलेल्या मुली रडत, ओरडत तासन् तास प्रार्थना करायच्या ते मोठं संजीवन (धार्मिक जागृती) 1905 चं, आणि लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या सभा, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली म्हणतात, त्या 1906 च्या. आपल्या महाराष्ट्रातल्या पोरी आधी.

घाटकोपर
नवरा प्यायचा. बुधवारच्या उपास-प्रार्थनेत मी पहिल्यांदा मोठ्याने रडले, कोणी गप्प बस म्हणालं नाही. त्याची सुटायला सहा वर्षं लागली.

विक्रोळीकरीण
सगळ्यांचं वाचतेय, नाव नको ताई तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आमची चाळ एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) गेली, त्या दोन खोल्या आता नाहीत. रविवारी शाळेचा एक वर्ग भाड्याने घेतो, म्हाताऱ्या आज्या पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. साडेअकराला फळ्यावरचं वचन पुसायचं, बाक सरळ लावायचे, ढोलकी घेऊन निघायचं. सोमवारी पोरांची शाळा असते.